कॅफेची खुर्ची आणि विहाराची किल्ली : विद्यापीठ परिसरात आपल्या मुलांनी बसायचे कुठे?

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की मोबाईलवर व्हिडिओंची लाट येते. विद्यापीठाजवळचे सर्वात छान कॅफे कोणते, लॅपटॉप घेऊन बसायला कुठे जावे, संध्याकाळी निवांत कुठे बसावे. पिवळे दिवे, लाकडी टेबल, कपातल्या फेसावर काढलेले पान. दर मात्र कुठे सांगितलेला नसतो. मराठवाडा, विदर्भ, खान्देशातून पुण्यात आलेली आपली मुले-मुली हे व्हिडिओ बघतात. त्यातली काही जातात, काही दारातून परत फिरतात.

आपल्याकडचे काही ज्येष्ठ कार्यकर्ते हा विषय चैनीचा समजतात. "आम्ही रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास केला, यांना एसी लागतो," असे सुनावतात. आम्हाला हे पटत नाही. प्रबंध लिहिणे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरणे, स्पर्धा परीक्षेची तयारी, संघटनेची छोटी बैठक किंवा दोन तास नुसते गप्प बसणे, या सगळ्याला जागा लागते. पुण्यात जागा कुणाला मिळते, हा प्रश्न कधीच साधा नव्हता.

मुळात ही मुले कॅफेकडे का वळतात ते पाहा. 'कॉट बेसिस'वर राहणाऱ्या मुलाला खोली मिळत नाही, एक खाट मिळते. एका खोलीत तीन-चार खाटा, एक पंखा, एक प्लग, आणि रात्री दहानंतर दिवा बंद करण्यावरून वाद. सरकारी वसतिगृहांत जागा अपुऱ्या. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात जयकर ग्रंथालय आहे, झाडांची सावली आहे, कट्टे आहेत. पण ग्रंथालयात ओळखपत्र लागते आणि पदवी संपली की ते ओळखपत्रही संपते. ज्याचे शिक्षण संपले आणि नोकरी लागलेली नाही, अशा मुलाला या शहरात हक्काने बसता येईल असे एकही टेबल नाही. आपल्या समाजातली फार मोठी तरुण पिढी आज याच टप्प्यावर उभी आहे.

टेबलावर बसून चहा पिणे ही गोष्ट पुण्यात किती वजनदार होती, याचा एक पुरावा इतिहासात आहे. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे चहा घेतल्यावरून शहरात केवढा गहजब झाला. त्या प्रसंगी हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक होते. प्रकरण धर्मपीठापर्यंत गेले, प्रायश्चित्ताची चर्चा झाली. एका कपाने ब्राह्मणांचीही जात धोक्यात येत होती, तर अस्पृश्यांना त्या शहरात कुठला कप मिळणार होता? त्याच पुण्यात त्याआधी, १८६८ मध्ये, जोतिराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. या दोन घटनांत बावीस वर्षांचे अंतर आहे, आणि जोतिरावांचा वाडा काही पुण्याबाहेर नव्हता.

दुसरी गोष्ट कोल्हापूरची. ती प्रत्येक आंबेडकरी तरुणाने लक्षात ठेवावी असे आम्हाला वाटते. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याच्या कारणावरून मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन तर केलेच, पण गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. गंगारामांनी चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही तो घ्यावा लागे. अस्पृश्यता निवारणाची भाषणे त्या काळात पुष्कळ झाली. राजाने हॉटेलच्या दारात उभे राहून घेतलेला तो चहा मात्र लोकांच्या डोळ्यांसमोर घडत होता.

बाबासाहेबांनी हे सगळे भोगले होते. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीसाठी गेले तेव्हा कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसाला राहायला जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहातून त्यांना बाहेर पडावे लागले. त्यामुळे राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा यांचा उल्लेख नावानिशी आहे, हे आम्हाला योगायोगाचे वाटत नाही. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथे कुणालाही अडवता येत नाही. पुढे १९५५ चा कायदा आला, ज्याला आज नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात. त्यात उपाहारगृहात प्रवेश नाकारणे तर गुन्हा आहेच, पण तिथे सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. कायदा लिहिणाऱ्यांना वेगळी कपबशी ठाऊक होती. खेड्यापाड्यांतल्या हॉटेलांत भिंतीच्या कोनाड्यात किंवा छपराच्या वळचणीला ठेवलेली कपबशी आपल्या आजोबांनी स्वतः विसळून परत ठेवलेली आहे.

विद्यापीठाजवळच्या कॅफेत आज कपबशी वेगळी नसते. तिथला भेद वेगळ्या रीतीने चालतो. दारावर 'प्युअर व्हेज'ची पाटी असते. ती व्यवसायाची निवड आहे, तिच्याशी आमचे भांडण नाही. भांडण सुरू होते ते ताटावरून माणूस वेगळा बसवला जातो तेव्हा. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या वसतिगृहात 'इथे फक्त शाकाहारींनी बसावे' अशी पत्रके लागली. पुढे काही वसतिगृहांच्या सामाईक मेसमध्ये सहा टेबले शाकाहारी जेवणासाठी राखून ठेवली गेली, आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. आंबेडकर पेरियार फुले स्टडी सर्कलच्या विद्यार्थ्यांनी तो प्रश्न लावून धरला म्हणून देशाला कळले. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने शाकाहारी जेवणासाठी हिरव्या गणवेशातले वेगळे डिलिव्हरी कर्मचारी आणायची घोषणा केली आणि टीका होताच दुसऱ्या दिवशी वेगळा गणवेश मागे घेतला. या दोन्ही ठिकाणी जातीचे नाव कुणी काढले नाही. काढायची गरजच नव्हती.

कॅफेत हा भेद आणखी बारीक होतो. हिंगोली जिल्ह्यातून आलेल्या आणि सध्या पुण्यात एमए करणाऱ्या एका मुलीने आम्हाला सांगितले, "कुणी काही बोलत नाही हो. पण मेनूकार्ड आधी इंग्रजी बोलणाऱ्या टेबलावर जातं, आणि आमच्याकडे आल्यावर विचारतात, ऑर्डर करणार आहात ना?" हा प्रश्न सगळ्यांनाच विचारला जातो असे कुणी म्हणेल. विचारला जातोही. पण पायातल्या चपला, बोलीतला हेल, पाठीवरची जुनी सॅक बघून तो लवकर विचारला जातो की उशिरा, हे ज्याला विचारतात त्याला बरोबर कळते. अमेरिकेत हाच प्रकार पोलिसांपर्यंत गेला होता. एप्रिल २०१८ मध्ये फिलाडेल्फिया शहरातल्या स्टारबक्समध्ये काहीही न मागवता कुणाची तरी वाट पाहत बसलेल्या दोन कृष्णवर्णीय तरुणांना अटक झाली. कंपनीने माफी मागितली, मे महिन्यात एका दिवशी आपली तिथली आठ हजार दुकाने दुपारी बंद ठेवून कर्मचाऱ्यांना भेदभावाविषयी प्रशिक्षण दिले आणि काही न विकत घेताही बसू देण्याचे धोरण जाहीर केले. जानेवारी २०२५ मध्ये ते धोरण गुंडाळले गेले. बाजाराने दिलेली मोकळीक बाजार परत घेऊ शकतो.

आता पैशांचे बोलू, कारण बहुतेक मुलांना अडवणारा दरवाजा हाच आहे. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून सुरू झाली. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती आहे. पुणे, मुंबई, नागपूर यांसारख्या शहरांसाठी तेव्हा वर्षाला ६०,००० रुपये ठरले : भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. भोजनाचे ३२,००० वर्षाच्या दिवसांवर वाटले तर दिवसाला अठ्ठ्याऐंशी रुपये येतात. चकचकीत कॅफेत २२० रुपयांची कॉफी घेतली तर कर धरून २३१ रुपये होतात. म्हणजे एक कप म्हणजे शासनाने धरलेले अडीच दिवसांचे जेवण. आठवड्यातून एकदा असे चाळीस आठवडे गेले तर ९,२४० रुपये. वर्षभराचा निर्वाह भत्ता त्यात संपला आणि वर खिशातून गेले. शिवाय हप्ता वेळेवर आला तर हा हिशेब. हप्ता उशिरा मिळाल्याच्या तक्रारी दरवर्षी असतात, आणि बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना २०२३ मध्ये आझाद मैदानावर बसावे लागले होते.

म्हणून कॅफे निवडताना कपाचा दर पाहू नये, तासाचा दर काढावा, असे आम्ही सांगतो. खासगी अभ्यासिकेचे महिन्याला हजार रुपये जरी धरले आणि महिन्यात पंचवीस दिवस गेले, तर दिवसाला चाळीस रुपयांत सकाळपासून रात्रीपर्यंत खुर्ची मिळते. कॅफेत २३१ रुपयांत तीन तास बसलात तर तासाला सत्त्याहत्तर पडले. रोजच्या अभ्यासासाठी कॅफे हा तोट्याचा सौदा आहे. पण अभ्यासिकेत बोलता येत नाही, ऑनलाइन मुलाखत देता येत नाही, तिघांनी बसून निवेदनाचा मसुदा लिहिता येत नाही. अशा कामांसाठी महिन्यातून दोन-तीनदा कॅफेत जाणे हा उधळेपणा नाही. ती त्या कामाची गरज आहे.

फर्ग्युसन रस्त्यावरची वैशाली, रूपाली किंवा डेक्कनचे १९३५ पासूनचे गुडलक ही ठिकाणे पुण्याच्या कॉलेजजीवनाचा भाग आहेत, पण ती खाण्याची आणि भेटण्याची ठिकाणे आहेत. शनिवार-रविवारी बाहेर रांग असताना तिथे लॅपटॉप उघडणे म्हणजे रांगेतल्या माणसाचा आणि वेटरचा दोघांचा रोष ओढवणे. काम करायचे तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान, जेवणाची गर्दी ओसरल्यावर जावे. आधी पाच मिनिटे नुसते बघावे. भिंतीला प्लग आहेत का आणि ते चालू आहेत का. स्पीकर कुठे टांगला आहे. खुर्चीला पाठ आहे का. उंच स्टुलावर एक तास बसणे पुरे. लॅपटॉप किती वेळ चालेल हे गल्ल्यावरच्या माणसाला सरळ मराठीत विचारावे. बहुतेक जण सरळ उत्तर देतात. पहिल्या भेटीत मेनूकार्ड मागून बघून, परवडत नसेल तर उठून निघून जायला अजिबात लाजू नये. मेनूकार्ड बघून उठणारे श्रीमंतही असतात, त्यांना फक्त त्याचे काही वाटत नाही.

आणि टपरीला कमी लेखू नका. विद्यापीठाच्या आसपासच्या टपऱ्यांवर आणि अमृततुल्यमध्ये दहा-पंधरा रुपयांच्या चहावर जेवढ्या चळवळी उभ्या राहिल्या तेवढ्या कुठल्या सभागृहात राहिल्या नसतील. तिथे लॅपटॉप चालत नाही, पाऊस आला की पळावे लागते, आणि मुलींना तिथे तासभर उभे राहणे सोयीचे नसते, हे तिचे दोष खरे आहेत.

बिलाबद्दल काही गोष्टी आपल्या मुलांना ठाऊक हव्यात. साध्या उपाहारगृहात पाच टक्के जीएसटी लागतो. त्याशिवाय 'सर्व्हिस चार्ज' म्हणून दहा टक्के लावलेले दिसले तर तो कर नाही आणि तो द्यायची सक्ती नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती कायम ठेवली. काढून द्या म्हणावे; नाही काढला तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. वेटरला स्वखुशीने काही द्यायचे असेल तर त्याच्या हातात द्यावे. पाण्याचे सांगायचे तर बाटली छापील किमतीपेक्षा महाग लावली म्हणून हॉटेलात वाद घालण्यात अर्थ नाही. उपाहारगृहांना तशी मुभा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटले आहे. साधे पाणी मागावे. पाणी मागायला संकोच वाटला तर आपण २० मार्च कशासाठी साजरा करतो ते आठवावे.

मुलींचा विचार वेगळा करावा लागतो. गावात किंवा वस्तीत मुलीला घराबाहेर एकटीने नुसते बसायला जागाच नसते. पारावर नाही, नाक्यावर नाही, वाचनालयात वर्तमानपत्राच्या टेबलाभोवती पुरुषच. म्हणून अनेक मुलींसाठी कॅफेची खुर्ची ही आयुष्यातली पहिली सार्वजनिक खुर्ची असते. तिथे स्वच्छतागृह असते, प्रकाश असतो, आणि कुणी टक लावून बघितले तर सांगायला कुणीतरी असते. आंतरजातीय प्रेम करणाऱ्या जोडप्यांना तर शहरात दुसरी जागाही नाही, आणि फेब्रुवारीत त्यांना हुसकायला कोण येते हे सांगायला नको. 'कॅफेत मुली बिघडतात' हे वाक्य आपल्या वस्त्यांतही ऐकू येऊ लागले आहे. हे वाक्य आपले नाही. ते मनुस्मृतीच्या घरून आले आहे आणि त्याला आपल्या घरात जागा देऊ नये. मुलींनी बघायचे ते इतकेच : परतीची बस किंवा मेट्रो किती वाजेपर्यंत आहे, गल्लीत दिवे आहेत का, आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्यांऐवजी रस्त्याला लागून असलेली जागा मिळते का.

कार्यकर्त्यांसाठी एक स्पष्ट सूचना. अत्याचाराच्या प्रकरणाची चर्चा कॅफेत करू नका. शेजारच्या टेबलावर कोण बसले आहे हे कळत नाही. पीडितेचे नाव, गाव, फोटो, एफआयआरची प्रत टेबलावर पसरलेली आम्ही पाहिली आहे. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी ते चूकच होते. कॅफेचे फुकट वायफाय घ्यायला मोबाईल क्रमांक द्यावा लागतो, तेव्हा संघटनेची कागदपत्रे पाठवताना स्वतःच्या फोनचे हॉटस्पॉट वापरा.

विश्रांतीबद्दल आपल्या चळवळीत एक अपराधी भाव आहे. जणू रिकामा बसलेला कार्यकर्ता म्हणजे गद्दार. बाबासाहेबांचे विचार याच्या उलट आहेत. 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या १९४५ च्या ग्रंथात गांधीवादावर टीका करताना त्यांनी यंत्रांची बाजू घेतली आहे. त्यामागचा विचार असा की माणसाला पशूप्रमाणे केवळ राबण्यापलीकडचे, संस्कृतीचे जीवन जगायचे असेल तर फुरसत हवी, आणि यंत्रे ती देऊ शकतात. ज्या समाजाच्या वाट्याला पिढ्यान्पिढ्या फक्त कष्ट आले, त्या समाजातल्या मुलाने दुपारी तासभर खिडकीशी बसून काहीही न करणे याला आम्ही आळस म्हणणार नाही. ध्यानालाही बसायलाच लागते. तरी हेही खरे की लंडनमध्ये स्वतः बाबासाहेबांनी अर्धपोटी राहून आपले दिवस ग्रंथालयात काढले, आणि मुंबईत घर बांधले तेव्हा त्यात पुस्तकांची सोय आधी पाहिली. कामाची जागा आणि विसाव्याची जागा त्यांनी एकमेकींत मिसळली नाही. आज कॅफे या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर विकतो. चार तास बसून उठल्यावर धड काम झालेले नसते आणि धड विश्रांतीही झालेली नसते. जाण्याआधीच ठरवावे की आज कशासाठी जातो आहोत.

कप उचलणारा, टेबल पुसणारा मुलगा कोण असतो, हेही बघत चला. तो बहुधा आपल्याच जिल्ह्यातून आलेला असतो. कधी बारावीनंतर शिक्षण सुटलेला, कधी सकाळी कॉलेज करून संध्याकाळी इथे उभा राहणारा. त्याला नाव विचारावे. 'ए' म्हणून हाक मारू नये. आपल्यातला कुणी पहिल्यांदा एसीत बसला की त्याचा आवाज बदलतो, हे आम्ही पाहिले आहे.

प्रश्न फक्त निवडीचा असता तर हा लेख इथे संपला असता. पण चांगला कॅफे निवडून ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचे काय होणार? जुलै २०२४ मध्ये दिल्लीत राजेंद्रनगरमधल्या कोचिंग संस्थेच्या तळघरातल्या ग्रंथालयात पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडून मेले. स्वस्त जागेची किंमत अशीही मोजावी लागते. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या जुन्या इमारतींत अभ्यासिका दाटीवाटीने उभ्या आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये परीक्षेच्या तारखांसाठी एमपीएससीची हजारो मुले शास्त्री रस्त्यावर बसली तेव्हा ही गर्दी शहराला दिसली. ती एरवी जिन्यांच्या वर आणि तळघरांच्या खाली असते. अभ्यासिकेत पैसे भरण्यापूर्वी दुसरा जिना आहे का, हे बघाच. एकच दरवाजा असेल तर फी कितीही कमी असो, तिथे जाऊ नका.

एक जुना मार्ग आठवण्यासारखा आहे. १९५७ च्या सुमारास कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसेस बंद करायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. कोलकात्याला विद्यापीठाशेजारी कॉलेज स्ट्रीटवरचे कॉफी हाऊस आजही विद्यार्थ्यांनी भरलेले असते. सहकाराचे एवढे नाव असलेल्या महाराष्ट्रात विद्यापीठाच्या दारात विद्यार्थ्यांना परवडेल असे एक सहकारी चहाघर का उभे राहत नाही? आपल्या बचत गटांतल्या बाया चौदा एप्रिलला हजारो माणसांचे जेवण करतात. त्यांना वीस टेबलांचे चहाघर जड नाही. विद्यापीठांच्या उपाहारगृहांचे ठेके निघतात तेव्हा त्यांच्यासाठी जागा मागणे, ही विद्यार्थी संघटनांची मागणी व्हायला हवी.

आणि शेवटी विहारे. पुणे, पिंपरी-चिंचवड, औरंगाबाद, नागपूर, मुंबई, सगळीकडे वस्त्यांतून लोकवर्गणीने बांधलेली बुद्धविहारे आहेत. काही ठिकाणी त्यांत उत्तम अभ्यासिका चालतात, तिथून मुले अधिकारी झाली आहेत. पण बरीच विहारे रविवारची वंदना, पौर्णिमा आणि जयंती सोडली तर कुलूपबंद असतात. आम्ही ज्या ज्या कमिटीशी बोललो तिथे उत्तर साधारण सारखे होते : लाइटबिल कोण भरणार, मुले दंगा करतील, पावित्र्य राहणार नाही. लाइटबिलाचे उत्तर सोपे आहे. वीस मुलांनी महिन्याला शंभर रुपये दिले तरी दोन हजार जमतात. पंखे, दिवे आणि एका इंटरनेट जोडणीला ते पुरतात. दंग्याचे उत्तर म्हणजे रोज एका मुलाकडे आणि एका मुलीकडे जबाबदारी आणि भिंतीवर लावलेले वेळापत्रक. पावित्र्याचे म्हणाल तर नालंदा आणि तक्षशिलेचा वारसा सांगणाऱ्यांनी पुस्तक उघडून बसलेल्या मुलामुळे विहार विटाळते असे म्हणू नये. विटाळ हा शब्दच आपण १९५६ मध्ये टाकून दिला आहे.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर तरुणांनी कमिटीपुढे एवढेच मांडावे : सकाळी सहा ते रात्री दहा विहार उघडे, चार टेबले, आठ प्लग, मुलींसाठी स्वच्छतागृह, आणि किल्ली एकाच्या घरी न राहता तिघांकडे. कमिटीने नाही म्हटले तर कारण लेखी मागावे.